भिंतीकडं तोंड करून जेवणारी

नवीन भाडेकरू आला की आधी पाणी कधी येतं ते विचारतो, मग कचऱ्याची गाडी. नंदा शेजारच्या दोन खोल्यांत राहायला आली तेव्हा टेम्पोतलं सामान उतरायच्या आत माझ्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, तुमच्या घरात खायाचं कुठं ठेवता?"

मला राग आला. माझं तोंड मुळातच फटकळ. म्हटलं, "माझं खाणं मी कुठंही ठेवीन. तुला काय करायचंय?"

तिला त्याचं काही वाटलं नाही. "मला न्हाई ओ. माझी पोरगी हाय, सात वर्साची. तिच्या नजरंला पडंल असं ठिवू नका. कुलूप लावता आलं तर लय बरं." एवढं बोलून ती पुढच्या दारात गेली. संध्याकाळपर्यंत तिनं सगळ्या आळीत हेच सांगितलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीनं ठरवून टाकलं होतं की बाई डोक्यानं जरा कमी आहे.

विट्यात माझं शिवणकामाचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, एक मशीन आणि एक आरसा. बायकांची मापं घेण्यात आयुष्य गेलं, त्यामुळं माणूस समोर आलं की मला आधी त्याचे खांदे दिसतात. नंदाचे खांदे अरुंद, मान बारीक, ब्लाउजला आणलेल्या कापडातलं कापड उरायचं. तिची राणी सात वर्षांची होती आणि तिला बाईमाणसाचं माप लागत होतं. शाळेचा ड्रेस शिवून दिला की दिवाळीपर्यंत तो काखेत उसवायचा. दोघी शेजारी शेजारी चालल्या की बघणाऱ्याला वाटायचं, ही पोर हिच्या पोटची नाहीच.

नवरा कोइमतूरला गलाईच्या दुकानात होता. सोनं गाळायचं काम. आमच्याकडं त्यात नवल नाही, विट्यातल्या कितीतरी घरांतला बाप्या असाच कुठल्यातरी लांबच्या शहरात भट्टीपुढं बसलेला असतो. थोरला मुलगा सुहास, शाळा झाल्यावर तोही बापाकडं गेला. इथं उरल्या नंदा आणि राणी.

नंदाच्या पदराच्या टोकाला किल्ली बांधलेली असायची. स्वयंपाकघराच्या दाराला बाहेरून कडी आणि कुलूप. फ्रिजला तिनं सुताराकडून कोयंडा बसवून घेतला होता, त्यालाही कुलूप. घरात कुकर नव्हता, कारण शिट्टी झाली की राणीला कळायचं. भाकरी ती सकाळी राणी उठायच्या आत माझ्या मागच्या पडवीत थापायची आणि फडक्यात गुंडाळून घेऊन जायची. राणीला तिच्या वेळेला ताटात वाढलेलं मिळायचं, भाजी जास्त, भाकरी बेतानं. आणि आपल्याकडं माणूस भेटलं की 'जेवलीस का' म्हणायची पद्धत आहे ना, ती नंदाच्या घरात बंद होती. कुणी पाहुणा आला की ती उंबऱ्यावरच सांगायची, "जेवलीस का असं इचारू नका. दुसरं काय बी बोला." मग त्या माणसाला काय बोलावं ते सुचायचं नाही. पावसाचं काहीतरी बोलून तो निघून जायचा.

ती स्वतः कधी जेवते हे कुणालाच माहीत नव्हतं. मला ते राणीनं सांगितलं. शाळा सुटली की ती माझ्या दुकानात येऊन बसायची, कारण माझ्याकडं पुढच्या खोलीत खायचं काही नसायचं आणि तिला तिथं बरं वाटायचं. ब्लाउजला हुक लावायला तिला मीच शिकवलं. बोटं जाड होती, पण टाका बारीक घालायची. एकदा सुई ओवता ओवता म्हणाली, "मावशी, आई न्हाणीत उभ्यानं जेवती. दार लावून घेती आन भिंतीकडं त्वांड करून खाती. तिला वाटतं मला कळत न्हाई." मग समोरच्या घराकडं नाक वळवून म्हणाली, "कदमकाकूंच्यात आज वांगं हाय. भरलेलं. कूट जळलाय."

खरंच जळला होता. मी नंतर विचारलं.

अशी ती पोर. तिला हसायला यायचं, चिडवता यायचं, आठाचा पाढा सोडून सगळे पाढे यायचे. पण बोलता बोलता मध्येच तिचं चित्त निघून जायचं, आणि डोळे कुठंतरी लागायचे. ते कुठं लागलेत हे मला कळायला लागलं होतं.

आळीतल्या बायकांनी नंदाला काय काय म्हटलं ते सगळं मी लिहीत बसत नाही. कैदाशीण म्हटलं. सावत्र आहे म्हटलं. पोर सुजलीय ती उपाशी ठेवल्यानं, असंही एकीनं सांगितलं. समोरच्या कदमकाकू मनानं चांगल्या. त्यांना हे बघवेना. होळीला त्यांनी नंदा बाजारात गेलेली बघून राणीला घरात बोलावलं आणि पुरणपोळी वाढली. म्हणाल्या, "खा बाळा, पोटभर खा. पुरे झालं की सांग." राणी खायला लागली. काकू वाढत गेल्या. आधी कौतुकानं वाढत होत्या, मग हसत हसत, मग गप्प होऊन. शेवटी डबा उपडा केला. राणी रिकाम्या डब्याकडं बघत होती. मग तिनं परातीतल्या कच्च्या कणकेचा गोळा उचलला.

काकू रडतच माझ्याकडं आल्या. तेवढ्यात नंदा बाजारातून आली. मला वाटलं आता भांडण होणार. नंदानं पिशवी खाली ठेवली आणि शांतपणे एवढंच विचारलं, "काकू, ती पुरे म्हणाली का?"

काकूंनी मान हलवली. पुरे म्हणाली नव्हती.

"आजून न्हाई म्हणाली कवा," नंदा म्हणाली. "दूध पीत हुती तवापासनं वाट बघती मी. येकदा तरी म्हणावं, आई, पुरे. लय झालं, नगं. येकदा तरी. मग मी कुलूप काढून हिरीत टाकीन."

तिनं पोरीला हात धरून घरी नेलं. त्यानंतर कदमकाकूंनी पण शिंकाळ्याला कुलूप घालायचं कसं यावर विचार केला असेल, कारण त्या दिवसापासनं त्यांच्या स्वयंपाकघराचं दार दिवसाही बंद दिसायला लागलं. नंदाला कैदाशीण म्हणणं मात्र त्यांनी सोडलं.

नंदाची सासू म्हणजे तिची सख्खी आत्या. आमच्याकडं भावाच्या लेकीवर बहिणीचा हक्क, मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क, हे सगळे धरूनच चालतात. नंदाचं माहेर माणदेशात, दहिवडीच्या पलीकडं, मेंढरांचं घर. तिच्या बापानं ती पाळण्यात असतानाच बहिणीला शब्द दिला होता. त्यात कुणाला वावगं वाटलं नाही, नंदालाही नाही. म्हणायची, "सासू नवी नव्हती मला. आत्याच्या मांडीवरनं उतरून आत्याच्याच घरात गेले." पण राणी अशी झाल्यावर आत्या बदलली. महिन्यातनं एकदा खेड्यावरनं यायची, राणीकडं बघून पदर डोळ्याला लावायची आणि जाताना म्हणायची, "आमच्या घराण्यात असलं कुणी न्हाई बाई. तुझ्याच हाताचं वळण." नंदाला वाटायचं खरंच असेल. पहिल्या वर्षात पोर रडली की दूध पाजलं, परत रडली की परत पाजलं, ते चुकलं असेल. असं ती मला कितीतरी वेळा म्हणाली. प्रत्येक वेळी तोच विषय, तेच शब्द.

राणी बारा-तेरा वर्षांची झाली, चालताना धाप लागायला लागली, आणि वय होऊनही अंगावर मोठं झाल्याची एकही खूण दिसेना. मापं घेणारीला ते आधी कळतं. मीच नंदाला म्हटलं, मिरजेला दाखव. तोवर सांगलीच्या, विट्याच्या, कऱ्हाडच्या किती डॉक्टरांनी 'खाणं कमी करा, चालवा' म्हणून सांगितलं होतं. मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी 'कमी करा' म्हटलं नाही. पहिल्या महिन्यापासनं काय काय झालं ते विचारत बसल्या. रक्त घेतलं, काही तिथंच तपासलं, काही लांब पाठवलं. पुष्कळ दिवसांनी परत बोलावलं, तेव्हा नंदानं मला सोबत नेलं. राणीला बाहेर बाकावर बसवलं होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लग्न नात्यातलं आहे का?"

"व्हय. आत्याच्या घरात दिलीया मला."

मग त्यांनी समजावून सांगितलं. जसं कळलं तसं सांगते. आपल्या अंगावरची चरबी गप्प बसलेली नसते. ती मेंदूला निरोप धाडत असते की साठा आहे, आता पुरे. त्या निरोपाला लेप्टिन म्हणतात. तो निरोप कसा बनवायचा हे शरीरात लिहिलेलं असतं, आणि त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. एक बिघडली तरी दुसरीवर काम चालतं. नंदाची एक बिघडलेली होती, नवऱ्याची एक बिघडलेली होती, दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. ती दोघांकडं आली होती एकाच आजा-आजीकडनं. राणीच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या आल्या. त्यामुळं तिच्या अंगात तो निरोप बनतच नाही.

"अंगावर कितीही असो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तिच्या मेंदूला वाटतं की दुष्काळ पडलाय. जन्मल्यापासून रोज."

नंदा दुष्काळी मुलखातली. तिला ते समजवायची गरज नव्हती. तिनं एकच विचारलं, "म्हंजी तिला खरंच भूक लागती?"

"हो. खरीच. तुम्हाला दोन दिवस उपास घडल्यावर लागेल तशी."

"रोज?"

"रोज. यात तुमची चूक नाही, तिचीही नाही. तुम्ही कुलूप लावलंत म्हणून ती आज चालतेय."

तुमची चूक नाही, हे ऐकायला ती किती वर्षं थांबली होती. मला वाटलं आता रडेल, मोकळी होईल. तसं काही झालं नाही. तिनं पदराच्या टोकाची किल्ली मुठीत धरली आणि धरूनच बसली. चूक आहे असं वाटत होतं तेव्हा तिला एक आधार होता, की पोरीला सवय वाईट लागलीय, भूक नाही. तो आधार गेला. आता कुलूप काढलं तर पोर मरणार आणि लावलं तर उपाशी, आणि तरी ते रोज लावायचं. मलाही काही वाटेनासं झालं होतं. भिंतीवर दाताच्या निगेचं चित्र होतं, तेच मी बघत होते.

उठताना डॉक्टरीणबाईंनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक, या आजाराला औषध आहे, अंगात जे बनत नाही तेच रोज सुईनं द्यायचं, पण ते परदेशात बनतं, इथं सहज मिळत नाही, मी खटपट करते. दुसरी, थोरल्या मुलाकडंही एक बिघडलेली प्रत असू शकते, त्याचं लग्न नात्यात ठरवाल तर आधी दोघांचं रक्त तपासा.

येताना तासगावच्या स्टँडवर बस थांबली. द्राक्षाच्या पाट्या घेऊन बायका खिडकीशी आल्या. राणीनं आईकडं बघितलं, मागितलं नाही, मागायचं नाही हे तिला पाठ होतं. नंदानं खिडकीतनं हात काढून द्राक्षं घेतली, एक मोठा घड, आणि पोरीच्या मांडीवर ठेवला. राणी आधी घाबरली. मग खाल्ला. देठ चोखले. विटा येईपर्यंत नंदा तिच्या तोंडाकडं बघत होती. राणी म्हणाली, "आई, आजून हाय?"

घरी आल्यावर नंदानं कडीला कुलूप लावलं.

औषधाचं नाव ऐकल्यापासनं तिनं एक केलं. फ्रिजचा वरचा कप्पा मोकळा केला, सोड्यानं धुतला, त्यात स्वच्छ फडकं अंथरलं आणि तो तसाच रिकामा ठेवला. सुई मिरजेहून आणायची तर बर्फात आणावी लागेल, म्हणून माझ्याकडनं एक पिशवी शिवून घेतली. जुन्या गोधडीचं आतनं अस्तर, बाहेरनं निळं जाड कापड, वरती चेन. मी म्हटलं, "अगं, औषध तरी येऊ दे." म्हणाली, "पिशवी तयार असली म्हंजी बरं." दर पंधरवड्याला ती डॉक्टरीणबाईंना फोन करायची. तिकडनं उत्तर यायचं, प्रयत्न चालू आहेत. त्या बाई खरंच खटपट करत होत्या, खोटं बोलत नव्हत्या. फोन ठेवला की नंदा माझ्याकडं बघून म्हणायची, "चालू हाय म्हणत्यात."

पुढच्याच वर्षी तिचा भाऊ आला. माणदेशातनं बाजरीचं पोतं घेऊन आला, सोबत आत्या. नंदाच्या घरात चहा करता येत नव्हता म्हणून पाहुणे माझ्या दुकानात बसायचे. मी मशीनवर होते, कान बंद करता येत नाहीत. भावाची पोरगी लग्नाची झाली होती. सुहास तिचा आत्येभाऊ, हक्काचा. भाऊ मुद्द्यावर आला, "नंदे, घरातली पोरगी घरातच ऱ्हाऊ दे. साखरपुडा उरकून टाकू."

नंदा म्हणाली, "दादा, आधी दोघांचं रक्त तपासू. मिरजंला हुतंय."

"रक्त? माझी पोरगी काय बाजारातली म्हस हाय व्हय, दात बघून घ्यायला?"

आत्या म्हणाली, "आमच्या रक्तात असलं काय बी न्हाई. कितींदा सांगू?"

"आत्या, तुमचं आन माझ्या बाचं रक्त येकच की," नंदा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. तिनं भावाकडं तोंड केलं. "दादा, कळपातला मेंढा तू दोन-तीन वर्सांनी बदलतूस. का बदलतूस?"

"बदलावाच लागतो. बा सांगायचा. तोच ठिवला तर पुढं त्याच्याच लेकी कळपात येत्यात, मग कोकरं…" तो मध्येच थांबला.

"मग बानं मला कुठं दिली?"

मी मशीन थांबवली. माणदेशातल्या त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढा परक्या कळपातनं आणायचे आणि पोरगी मात्र बहिणीच्या घरात द्यायचे. दोन्ही गोष्टी एकाच अंगणात चालायच्या. कुणी एकीशेजारी दुसरी ठेवून बघितली नव्हती.

भाऊ उठला. कपातला चहा तसाच होता. "माणसाची आन मेंढराची बरोबरी करतीस तू," तो म्हणाला. "बाला नावं ठिवतीस. आजपासनं तुला भाऊ न्हाई." आत्या त्याच्या मागं निघाली. बाजरीचं पोतं दारात राहिलं. नंदानं ते उचलून आत नेलं आणि कुलूप लावलं.

गोष्ट बाहेर फुटलीच. त्यांच्या घराण्यात दोष आहे अशी कुजबुज झाली, आणि सुहासला बाहेरनं येत होती ती स्थळंही थांबली. सुहास फोनवर फक्त "बरं" म्हणाला, तो बापासारखा कमी बोलणारा. भाऊबीजेला नंदा नवी साडी नेसून माझ्याकडं आली आणि दिवसभर कापडाच्या चिंध्या रंगाप्रमाणं वेगळ्या करत बसली. संध्याकाळी म्हणाली, "माझं माहेर गेलं त्याचं काय न्हाई ताई. आणखी येक राणी नगं जन्माला."

राणीला पंधरावं सरत आलं तेव्हा साधी सर्दी झाली. या मुलांना छातीचं दुखणं लवकर धरतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. दोन दिवसांत धाप वाढली, तिला मिरजेला नेलं, मी सोबत गेले. वॉर्डात ऑक्सिजनची नळी लावली, सलाईन लावलं. त्यातही आजूबाजूच्या खाटांवर डबे उघडले की तिचे डोळे तिकडं जायचे, आणि नंदाला तेवढ्यानं धीर यायचा. मला हळूच म्हणायची, "बघतीया." पोर डब्याकडं बघतेय म्हणून नंदाला बरं वाटावं, असे ते दिवस होते.

मग एका दुपारी नर्सनं तांदळाची पेज आणून दिली. नंदानं राणीला टेकवून बसवलं आणि चमच्यानं भरवायला लागली. राणीनं दोन घास घेतले. तिसऱ्याला तोंड बाजूला केलं.

"आई, पुरे."

नर्स हसून म्हणाली, "शहाणी गं बाई. थोडं थोडंच खावं." नर्सला काय माहीत.

नंदाच्या हातात चमचा तसाच होता. पेज सांडली नाही, तिनं ती सावकाश वाटीत परत ओतली. वाटी झाकली. राणीचं तोंड पुसलं. बाहेर येऊन माझ्याजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, तिनं पुरे म्हटलं."



"कोइमतूरला फोन करा," नंदा म्हणाली. "त्यास्नी आन सुहासला बोलवून घ्या. माझ्यानं बटणं दाबवंनात."

मी फोन केला. ते गाडीत असतानाच, दुसऱ्या दिवशी सकाळी, राणी गेली. मला रडू आलं नाही. अजूनही येत नाही. शेवटचं नेसवायला कापड लागलं तेव्हा कुणीतरी मला म्हणालं, ताई, तुम्हाला माप माहीत आहे. होतं.

सुतकात त्या घरची चूल पेटवायची नसते, शेजाऱ्यांनी न्यायचं असतं. आळीतल्या प्रत्येक घरातनं काहीतरी आलं. पिठलं, भाकरी, आमटी, भात. स्वयंपाकघराचं दार सताड उघडं, कुलूप कोयंड्यात नुसतं लोंबत होतं, आणि ज्या घरात बिस्किटाचा पुडा कधी दिसला नाही त्या घरात जागा मिळेल तिथं पातेली ठेवलेली. येणारी प्रत्येक बाई नंदाजवळ टेकायची आणि विचारायची, "जेवलीस का गं?" आता कुणाला मना करायचं. नंदा सगळ्यांना व्हय म्हणत होती. आत्या कोपऱ्यात बसली होती. तिनं एकदाही रक्ताचं नाव काढलं नाही. भाऊ आला, दाराबाहेर उभा राहिला, आणि तिथूनच गेला.

फ्रिजचा वरचा कप्पा तसाच होता, फडकं अंथरलेला.

महिन्याभरानं नवऱ्यानं कोइमतूरला यायचा निरोप धाडला. खोल्या सोडायच्या ठरल्या. सामान निघायला लागलं तशी मी विचारलं, "अजून न्हाणीतच जेवतेस?" म्हणाली, "व्हय. बाहीर बसलं की घास उतरत न्हाई." आता कुणाचं भ्या, असं माझ्या तोंडावर आलं होतं. फटकळ असले तरी तेवढं कळतं मला.

मिरजेला गाडी धरायची म्हणून सकाळच्या बसनं ती निघाली. मी स्टँडवर सोडायला गेले. ट्रंक वरती टाकली. हातात निळी पिशवी होती, गोधडीच्या अस्तराची, मी शिवलेली. त्यात काय आहे ते मी विचारलं नाही. तिला खिडकीची जागा मिळाली, शेजारी एक बाई लेकरू घेऊन बसली. बस सुटायला वेळ होता. मी खाली खिडकीपाशी उभी होते. बोलायचं सगळं संपलं होतं.

नंदानं चेन उघडून डबा काढला. भाकरी होती, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. तिनं सवयीनं आधी इकडंतिकडं पाहिलं. शेजारच्या बाईच्या मांडीवरलं लेकरू तिच्या हाताकडं टक लावून बघत होतं. नंदानं भाकरीचा तुकडा मोडला आणि त्याच्या हातात दिला. त्यानं दोनदा चावला, मग तोंड फिरवून तुकडा आईच्या पदरावर टाकून दिला. नंदा त्या टाकलेल्या तुकड्याकडं बघत राहिली.

मग तिनं स्वतःसाठी घास मोडला, आणि बसमधल्या माणसांना पाठ करून तोंड दुसरीकडं वळवलं. दुसरीकडं भिंत नव्हती. खिडकी होती आणि खाली मी होते. ते तिच्या लक्षात आलं, पण तोंड वळवायला आता दुसरी बाजू उरली नव्हती. ती सावकाश चावत होती, माझ्याकडं बघत. ओठाला ठेचा लागला होता. इतकी वर्षं शेजार झाला, नंदाला जेवताना मी पहिल्यांदाच पाहत होते. कंडक्टरनं घंटी दिली तेव्हा तिचा अर्धा घास तोंडात होता.